बाघरोलच्या वाटेवरची पंगत

श्यामकांत गद्रे बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले, पण दुसऱ्यांच्या चुका शोधायची सवय काही निवृत्त झाली नाही. शेवटची बदली कोलकात्याची, तिथेच बालीगंजमध्ये फ्लॅट घेतलेला. पहिले काही महिने त्यांनी स्वतःच्याच स्वयंपाकघराची तपासणी केली. डाळीच्या डब्यात डाळच का, आणि रव्याच्या डब्यात शेवया का, इथपर्यंत मजल गेल्यावर त्यांच्या पत्नीनं, शकुननं, त्यांना मोकळ्या हवेत जायचा सल्ला दिला. हवा जितकी लांबची असेल तितकी बरी, असंही तिनं सुचवलं.

अशी हवा हावड्यापलीकडे सापडली. लोकलनं तास-दीड तास, पुढे टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, बसून हाडं खिळखिळी करून घेतली की एक राखीव पाणथळ लागते. मधुवंती सेन नावाची जीवशास्त्राची शिक्षिका तिथे हौशी मंडळींना घेऊन हिवाळाभर दर रविवारी प्राणी-पक्षी बघते, नोंदवते. ती श्यामकांतांना 'काकू' म्हणायची. बंगालीत काकू म्हणजे काका, हे इतकी वर्षं कोलकात्यात काढूनही त्यांच्या कानांनी मान्य केलं नव्हतं.

तलवार बदकं आली, कमळपक्षी आले, खंड्या तर रोजचाच. पण श्यामकांतांना हवी होती बाघरोल. मांजरापेक्षा मोठी, अंगावर ठिपके, पाण्यात उतरून मासे धरणारी ही रानमांजर बंगालचा राज्यप्राणी आहे, आणि बहुतेक बंगाल्यांनी तिला पाहिलेलं नाही. उच्चपदस्थांचं दर्शन असं दुर्मिळच असतं, असं श्यामकांत म्हणायचे. या हिवाळ्यात तिला पाहायचंच, हा त्यांनी ध्यास घेतला होता. त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांनी एक बाघरोल पाहिलीही होती, पण ती जवळ येऊन बें बें करू लागली.

महिनाभरात त्यांनी गटाला शिस्त लावली. नियमावली त्यांनीच लिहिली. अत्तर लावायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि प्राण्यांना काहीही खायला घालायचं नाही. घालेल त्याला उरलेल्या हिवाळ्यात बंदी. कुणाच्या हातून शेंगदाण्याचं टरफल पडलं तरी साहेब ते दोन बोटांत धरून मालकाला परत करत. अठरा अंशांच्या कडाक्याच्या थंडीत माकडटोपी घालून ते बांधावर बसले की पाणकोंबड्यासुद्धा रांगेत चालत असाव्यात.

दुपारी मात्र ते डबा घेऊन एकटेच बांधाच्या टोकाला जायचे. त्यांचे थोरले भाऊ अरुण, म्हणजे अण्णा, त्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगलीला वारले होते. विमान चुकलं, श्यामकांत वेळेवर पोचले नाहीत, आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तो नाहीच शिवला. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. ते श्यामकांतांच्या मनातून गेलं नव्हतं. बालीगंजच्या सोसायटीनं गच्चीत घास ठेवायला बंदी केलेली. इथे कावळे होते आणि सेक्रेटरी नव्हता. मग पहिल्या रविवारी दहीभाताचा एक घास ठेवला. अण्णांना भजी आवडायची, म्हणून पुढच्या रविवारी दोन भजी. भावाला दिलं आणि वडिलांना नाही हे बरं दिसेना, म्हणून वडिलांचा शिरा आला, आईची गूळपोळी आली. पौष लागेपर्यंत बांधावर चांगली पंगत बसू लागली. याला खायला घालणं म्हणतात, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. खायला घालतात ते अडाणी लोक, बिस्किटं टाकणारे. हा तर नैवेद्य.

मग पाणथळीत कुत्री आली. आधी एक, मग टोळी. बदकं लांबच्या पाण्यात सरकली आणि बाघरोलचे चिखलातले ठसे दिसेनासे झाले, कारण कुत्र्यांची टोळी तिच्या पिल्लांना जिवंत सोडत नाही. कुणीतरी इथे अन्न टाकतंय, असं मधुवंती म्हणाली. श्यामकांतांनी गुन्हेगार लगेच शोधला. शेजारच्या गावचा निताई माझी नावाचा कोळी कडेच्या पाण्यात बांबूचे सापळे लावून कोळंबी धरायचा आणि तिथेच बसून जेवायचा. जेवणारा माणूस सांडणारच, हा त्यांचा पुरावा. निताईला पाणथळीत पाऊल टाकू देऊ नये, असा ठराव त्यांनी मांडला. त्याचं घर त्या कोळंबीवर चालतं, असं कुणीतरी हळूच म्हणालं. कायदा सर्वांना सारखा, हे साहेबांचं उत्तर. खात्री म्हणून आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावावा, ही सूचनाही त्यांचीच. मधुवंतीनं तो कुत्र्यांच्या वाटेवर एका खजुरीला बांधला.

ठरावाची बैठक गावच्या शाळेत भरली. नंतर नोलेन गुडाची, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळाची, मिठाई होती, म्हणून शकुनही आली होती. निताई दाराशी उभा होता. त्याला आत बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

भिंतीवर पहिला फोटो उमटला. माकडटोपी घातलेला एक माणूस बांधावर मांडी घालून बसलाय, घासाभोवती पाणी फिरवतोय. दुसऱ्यात त्यानं हात जोडलेत. तिसऱ्यात पाच कुत्री. पुढच्या रविवारी तोच माणूस, तीच कुत्री. माणूस वळला की शिरा साफ.

मधुवंती आधी फोटो बघून आली नव्हती. तिचा चेहरा पडला. ती घाईघाईनं म्हणाली की टोपीमुळे माणूस ओळखू येत नाही, आपण हा विषय इथेच सोडू. श्यामकांतांना सुटायला एवढं पुरे होतं. अर्ध्या बंगालकडे तसली टोपी आहे.

पण ते फोटोंत दुसरंच शोधत होते. त्यांनी सगळे परत दाखवायला सांगितले. एकाही फोटोत कावळा नव्हता. अण्णांचा प्रत्येक घास कुत्र्यांनी खाल्ला होता. त्यांना इतकं वाईट वाटलं की लाज वाटायला थोडा उशीरच झाला.

"तो मी आहे," ते म्हणाले. "निताईचा काही संबंध नाही. ठराव मी मागे घेतो."

"असू दे काकू," मधुवंती म्हणाली. "यापुढे ठेवू नका, झालं."

"नियम मी लिहिलाय. उरलेला हिवाळा मला बंदी."

परतीच्या लोकलमध्ये शकुननं त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि अण्णांनी फोटो बघितले असते तर पोट धरून हसले असते, एवढंच म्हणाली. ते खरंच होतं.

मग रविवार घरात जाऊ लागले. डाळीचे डबे पुन्हा धास्तावले. पंगत बंद झाली तशी कुत्री गावात परतली, निताईचे सापळे जागच्या जागी राहिले. माघ सरता सरता मधुवंतीचा व्हिडिओ आला. भर सकाळी, त्याच बांधावर, बाघरोल. मागे दोन पिल्लं. गटातल्या सगळ्यांनी, डुलक्या काढणाऱ्यांनीसुद्धा, ती डोळे भरून पाहिली होती.

श्यामकांतांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि शकुनला हाक मारली.

"मी जायचा थांबलो म्हणून आली गं," ते म्हणाले.

अख्खा हिवाळा तिची वाट पाहिली, आणि तिची अट एकच होती: गद्रे नकोत. श्यामकांतांना फार आनंद झाला आणि तितकंच रडूही आलं, आणि शकुन शेजारी बसली तेव्हा त्यांनी यातलं काहीच लपवलं नाही.