भोपळ्यावरची तेलकट बोटं

सर्व संबंधितांस, विशेषतः जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील तमाम पँटधारकांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी, जव्हारबाहेरच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरामागे माझी पँट काढून घेण्यात आली. पँट इस्त्रीची होती. आत माणूसही होता, पण त्याची नोंद कुणी घेतली नाही.

काढून घेणारे गृहस्थ मुंबईच्या एका सांस्कृतिक मंडळाचे सचिव; आमचा तारपानाच त्यांनीच बोलावला होता. बोलायला लोण्यासारखे. "काका, पँट नको हं. पाहुणे आफ्रिकेतून आलेत, त्यांना काहीतरी ऑथेंटिक दिसलं पाहिजे." असं म्हणत त्यांनी माझ्या हातात एक कापड ठेवलं. पिवळ्यावर काळे ठिपके. कमरेच्या नाडीला ड्रेसवाल्याची चिठ्ठी शिवलेली होती. तिच्यावर आधी 'राक्षस' लिहिलं होतं. ते खोडून खाली लिहिलं होतं, 'आदिवासी, १२ नग'.

कापडाला वास होता. माझ्याआधी जे जे राक्षस होऊन गेले, त्या सगळ्यांच्या घामाचा. शेजारी खरकट्या ताटांचा टब. त्यावर माश्या. तिथे उभं राहून मी कपडे बदलले. मी एक्कावन्न वर्षांचा, सरकारी कचेरीतला कारकून. टबापाशी भांडी घासणाऱ्या दोघी बायकांचे अर्ज आठवडाभरापूर्वी मीच टेबलावर घेतले होते. 'साहेब' म्हणाल्या होत्या मला. आता त्यांनी माना खाली घातल्या.

आमच्या नाचाची ओळ पुढून धरते ती जानीवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. बायकांची लुगडी सचिवांना पसंत पडली होती, ती तशीच राहिली. वहिनीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"भाऊ, ह्यो वाघ कुठला रं? सूर्यमाळच्या रानात असला पिवळा मी नाय बघितला."

बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसलो, हसण्यात मी पटाईत आहे. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "वाघ्यादेव हाय तो आपला. त्याला बुडाखाली घेशील?"

मी घेतला. लपवून काय करू? मला त्या पाहुण्यासमोर तारपा वाजवायचा होता. एकदाच. त्यासाठी मी काहीही गुंडाळलं असतं.

पाहुणा कोण, तर पश्चिम आफ्रिकेतला जगभर गाजलेला वादक. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी त्याला मोबाइलवर किती वेळा ऐकलं, मोजलेलं नाही. त्याचं वाद्य मोठ्या भोपळ्याचं. अर्धा भोपळा, वर कातडं, वर एकवीस तारा. माझा तारपाही भोपळ्याचाच. आमच्या साखरशेत गावी बापाने स्वतः वेलावर वाढवलेला, सुकवलेला, मेणाने जोडलेला, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. त्या माणसाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारं. आमचंही. मला वाटायचं, दोन भोपळे एकदा समोरासमोर आले पाहिजेत. बापाचा तारपा त्याने ऐकला पाहिजे. तो काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं. एवढीच माझी हाव.

हिरवळीवर गेलो तर पाहुणा करड्या सुटात. चष्मा. चकचकीत बूट. सचिवांचा चेहराच पडला. त्यांच्या डोक्यात बहुधा त्याच्यासाठीही एखादी चिठ्ठी शिवून तयार होती. त्याला मंडळाच्या अध्यक्षांच्या टेबलाशी बसवलं. आम्हाला पुलाव आणि कोंबडीच्या मधोमध उभं केलं. "जेवण सुरू झालं की सुरू करा. हळू. लोकांना बोलता आलं पाहिजे."

आता एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्याकडे तारपा वाजत असताना त्याला कुणी पाठ दाखवत नाही. तारपावाला जिकडे वळेल तिकडे अख्खी ओळ वळते, तोंड त्याच्याकडेच. पाटील असो, सरपंच असो, पाठ नाही. पाड्यावर पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं.

मी फुंकायला सुरुवात केली आणि समोर पाठीच पाठी. जाकिटांच्या, रेशमी साड्यांच्या. एक बाई माझ्याकडे पाठ करून माझ्यासोबत फोटो काढत होती. चघळण्याचा आवाज तारप्याच्या वर चढत होता. एकाने चोखलेलं हाड माझ्या पायापाशी टाकलं, बघितलंसुद्धा नाही. दुसरा जवळ आला. तोंडात घास. लाल मसाल्याची बोटं त्याने माझ्या भोपळ्यावर टकटक वाजवली.

"आत काय असतं रे यात?"

श्वास न तोडता वाजवायचं असतं, म्हणून उत्तर देता आलं नाही. तो गेला. भोपळ्यावर तीन बोटं राहिली. लाल, तेलकट. बापाच्या हाताने गुळगुळीत झालेल्या जागेवर. मला त्या माणसाची किळस आली, कोंबडीची आली, त्या ठिपक्यांची आली. सगळ्यांत जास्त माझी आली. कारण मी अजून वाजवतच होतो.

तेवढ्यात पाहुणा उठला. ताट तसंच ठेवून आला. मी थांबलो. त्याने खिशातून रुमाल काढला, माझ्याकडे बघून परवानगी मागितली आणि ती तीन बोटं पुसली. मग भोपळ्यावर कान ठेवला. तो फ्रेंच बोलायचा. सोबत दुभाषी मुलगी होती, ती एकेक वाक्य मराठीत सांगत गेली.

त्याचा बाप गावातल्या बड्या घरांत वाजवायचा आणि सगळ्यांचं झाल्यावर अंगणात जेवायचा. हा पॅरिसला गेला. एका हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी वाजवायला लागला. मालकाने शर्ट काढायला सांगितला, कमरेला कातडं दिलं.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं. मला वाटलं होतं, मालकाच्या तोंडावर फेकलं म्हणेल.

"घातलं," मुलगी म्हणाली. मग त्याला पुन्हा विचारून म्हणाली, "दोन वर्षं."

तो माझ्या कमरेकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. पुढचं त्याने थोडक्यात सांगितलं. एके दिवशी कुणीतरी त्याच्या वाद्यावर विझवायला सिगारेट टेकवली. त्याने वाद्य उचललं आणि बाहेर पडला. मग स्टेशनात फरशी पुसली. वाजवलं फक्त ऐकणाऱ्यांसमोर, आधी चार, मग चाळीस. मोठमोठी सभागृहं फार नंतर आली. जेवणाऱ्यांसमोर त्याने पुन्हा कधी वाजवलं नाही.

सचिव टाळ्या वाजवत आले. "वा, छान जमलं तुमचं. आता दोघं मिळून वाजवा ना. स्वीट डिश येतेय, तोवर."

पाहुणा काही बोलला. मुलगी माझ्याकडे वळली. "ते म्हणतात, गाव तुमचं आहे. तुम्ही सांगाल तसं."

हीच ती वेळ होती. माझी हाव माझ्यासमोर उभी होती, सुटाबुटात. नुसतं फुंकायचं होतं.

मी म्हणालो, "माझी पँट आणा."

"अहो काका, आत्ता? ती कुठेतरी..."

"तारपा नंतर. आधी पँट."

सचिव हसून बघत होते, मी हसेन म्हणून. मी हसलो नाही. टबापाशी भांडी घासणाऱ्या दोघींपैकी एक ताटं गोळा करायला आली होती; ती मागे गेली आणि ओले हात पदराला पुसत माझी पँट घेऊन आली. घडी घालून ठेवली होती तिने. मी तिथेच, सगळ्यांसमोर, ठिपक्यांवरून पँट चढवली, मग आतून ते कापड ओढून काढलं आणि सचिवांच्या हातात दिलं. चिठ्ठी वर करून. त्यांनी ते दोन बोटांत धरलं. त्यांनाही वास आला असावा.

मग मी माझं म्हणणं मांडलं. कचेरीत मांडतो तसं, कलमवार. कमरेला काय गुंडाळायचं ते आमचं आम्ही ठरवू. कुणी जेवत असेल तर तारपा वाजणार नाही. भोपळ्याला हात लावायचा तर धुऊन, विचारून. आणि पाठ कुणीही दाखवायची नाही. त्यानंतर किती ठिकाणी मला बोलावलं नाही, ते मला ठाऊक आहे. चालेल. तारपा भिंतीला टांगलेला राहील. या चारांतलं एकही मी सोडणार नाही, आणि माझ्यानंतर जो तो तारपा घेईल त्यालाही सोडू देणार नाही.

पाहुणा माझ्यासमोर हिरवळीवर मांडी घालून बसला, तसाच, सुटात. जानीवहिनीने ओळ बांधली. मी भोपळा उचलला. आणि अध्यक्ष, गुलाबजामचा चमचा हातात, तोंड भरलेलं, जोरात बोलून गेले:

"म्हणजे आता आम्ही यांच्याकडे तोंड करून बसायचं?"