कारभाऱ्याचं उपरणं

सरकार गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याची सगळी तयारी मीच केली. सरदारांच्या घरचा कारभारी म्हणजे बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. आजोबांनी केलं, वडिलांनी केलं, मग मी. जमिनी कधीच्याच गेल्या. उरली ती राजवाड्यामागची दुकानं, मालकांची राहती कोठी, आणि कोठीमागच्या दोन खोल्या, जिथे माझं बिऱ्हाड आहे. भाडेकऱ्यांच्या लेखी मी मालकांचा माणूस आणि मालकांच्या लेखी भाडेकऱ्यांचा. दोन्हीकडच्या शिव्या मला तोंडपाठ आहेत.

तेराव्याला वारसाला पगडी बांधतात. या घरात त्यानंतर नवे मालक आपल्या हाताने कारभाऱ्याच्या खांद्यावर उपरणं टाकतात. ते पडलं की कारभार त्याच्याकडेच राहतो आणि खोल्याही. वडिलांच्या खांद्यावर पडताना मी पाहिलं होतं. या वेळी बाजारातून पगडी आणली, उपरणंही आणलं. स्वतःचं उपरणं स्वतःच घासाघीस करून घ्यायचं, हा मान कारभाऱ्याचाच! सरकारांसाठी रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पत्रावळी पुरतील का, एवढंच डोक्यात होतं.

सरकारांचे चिरंजीव लहानपणापासून बाहेर शिकले. सुट्टीतही कोठीच्या पुढच्या दारानंच आले आणि गेले. आता शहराच्या नव्या भागात, विजय नगरात त्यांचं ऑफिस आहे. पगडी बांधून झाली. ताटातलं उपरणं उचलून त्यांनी मलाच विचारलं, "काका, ये किसके लिए है?"

सगळे बघत होते. 'माझ्यासाठी' एवढंच म्हणायचं होतं. कोणाचं गळकं छप्पर, कोणाची तुंबलेली मोरी, कोणाच्या मुलीच्या लग्नाला कोठीचं अंगण. दुसऱ्यांसाठी मागताना माझी जीभ कधी अडखळली नाही. स्वतःसाठी मागायची सवयच नव्हती.

"मामासाहेबांसाठी," मी म्हणालो. चिरंजीवांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मामासाहेबांनी लगेच खांदा पुढे केला.

पंगती उठल्यावर चिरंजीव माझ्याजवळ आले. "काका, मागच्या खोल्यांमध्ये कोई फॅमिली रहती है ना? दिवाळीपर्यंत खाली करवून घ्या. पूरी जगह बिल्डरला द्यायची आहे. प्यार से समझा देना, झगडा नको."

मला राग यायला हवा होता. दुःख तरी व्हायला हवं होतं. आत काहीच हललं नाही. "हो, सांगतो," म्हणालो, आणि मांडववाल्याला खुर्च्या मोजून दिल्या.

मग मागे गेलो. बायको चहा टाकत होती. भाडेकऱ्यांच्या दारात उभा राहतो तसा मी चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"मालकांचा निरोप आहे. दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्यात."

तिने वळूनही पाहिलं नाही. "आता कोणाला जाऊन सांगायचंय?"

"तुला," मी म्हणालो.