सांदवाडीतल्या जागा

घासलेल्या लोखंडाला ओलसर, तुरट वास असतो. त्यात झेंडूचा हिरवट दर्प मिसळला की आमच्या सौंसरच्या घरात खांडेनवमी आली असं खुशाल समजावं. त्या दिवशी अवजारांना विश्रांती. घरामागच्या परसातून, म्हणजे आमच्याकडच्या सांदवाडीतून, माझी पत्नी निर्मला एकेक अवजार आणते, घासूनपुसून पाटावर मांडते आणि हळदकुंकू वाहते. इतकी वर्षं मी नोकरीपायी छिंदवाड्याला. पूजेपुरता पाहुण्यासारखा यायचो आणि फूल वाहून परतायचो. यंदा निवृत्त होऊन घरीच होतो.

निवृत्त कारकुनाला काम उरलं नाही की तो दुसऱ्याच्या कामात शिस्त शोधू लागतो. मला एकच खटकायचं, की सांदवाडीत कुठलंही अवजार दुसऱ्या अवजाराच्या शेजारी नसे. विळा शेवग्याच्या बेचक्यात, खुरपं कढीपत्त्याच्या बुंध्याशी, फावडं पहिल्या संत्र्याला टेकलेलं, खराटा पार फाटकाजवळ. सगळं एका जागी ठेवलंस तर तुझे निम्मे हेलपाटे वाचतील, असं मी तिला कितीदा तरी ऐकवलं होतं. ती हसण्यावारी नेई आणि उलट माझ्यावरच डाफरे, कारण ऊन अंगावर आलं की मी मागच्या ओसरीवरची माझी खुर्ची सरकवायचो. "तुमची खुर्ची जागची हालवू नका बरं," एवढ्या एका बाबतीत ती कमालीची कडक होती.

दसऱ्याला ती शेजारणीसोबत पांढुर्ण्याला बहिणीकडे गेली आणि मी संधी साधली. पूजेनंतर तिने पुन्हा जागोजागी ठेवलेली अवजारं गोळा केली, न्हाणीच्या भिंतीत ओळीने खिळे ठोकले, प्रत्येक अवजाराभोवती खडूने त्याची आकृती काढली, म्हणजे कुठलं कुठे अडकवायचं ते विचारायलाच नको. संध्याकाळच्या तांबूस उजेडात ती चकचकीत रांग पाहून मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

ती रात्री उशिरा परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी, संत्र्यांच्या पानांवरचं दव अजून वाळलं नव्हतं तेव्हा, ती सांदवाडीत उतरली. मी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलो होतो. ती शेवग्याकडे सरळ चालत गेली आणि वर न पाहताच बेचक्यात हात घातला. हात रिकामा आला. तिने पुन्हा घातला. मग ती तिथेच उभी राहिली, अनोळखी स्टेशनावर उतरलेल्या माणसासारखी.

"भिंतीवर पाहा की!" मी ऐटीत ओरडलो.

ती भिंतीपाशी आली. मान हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि मग तळहात भिंतीवरून सरकवू लागली. विळ्याचं पातं मी बाहेरच्या बाजूला ठेवलं होतं. मी कप टाकून धावलो तोवर खडूच्या पांढऱ्या रेषेवर रक्त उतरलं होतं.

जखम खोल नव्हती. मी तिच्या हाताला फडकं बांधलं. "निर्मला, तुला दिसत नाही का?"

"समोरचं दिसते," ती म्हणाली. "बाजूचं नाही दिसून राहिलं. पाइपातून पाहा तसं. काचबिंदू म्हणते नागपूरचा डॉक्टर. औषध टाकतो मी रोज. आहे तेवढी नजर टिकते म्हणे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमाले सांगतलं असतं तं पोरीले फोन केला असता. तिनं मले पुण्याले नेलं असतं. तिथं मले कुठची वस्तू कुठी आहे हे कोन सांगन? इथं सारं मले ठाऊक आहे."

मला लाज वाटली, आणि तिला गमवायची भीतीही. मग मी एकेक अवजार खिळ्यावरून काढलं आणि ती सांगेल तिथे ठेवत गेलो. तेव्हा कळलं की सकाळी फाटकाशी झाडणं संपतं तिथून सात पावलांवर खुरपं असतं. निंदण संपतं तिथे हात वर केला की विळा. आणि आळ्यांत पाणी सोडायच्या जागी फावड्याचा दांडा आपसूक हाताला लागतो. ज्याला मी पसारा म्हणत होतो तो तिच्या दिवसाचा रस्ता होता, आणि मावळत्या नजरेने तिने तो पावलापावलाने, कुणालाही पत्ता न लागू देता आखला होता. चाळीस वर्षं कार्यालयात फायली लावणारा मी त्या वाडीच्या मधोमध थक्क होऊन उभा होतो. इतकी देखणी व्यवस्था मी आयुष्यात पाहिली नव्हती.

भिंतीवर आता रिकाम्या आकृत्या तेवढ्या उरल्या आहेत. मी त्या पुसलेल्या नाहीत. पोरीला फोन करायचा की नाही, हेही अजून आमच्यात ठरलेलं नाही.

काल दुपारी ऊन थेट डोळ्यांवर आलं. सवयीने मी खुर्चीचे हात धरून ती सरकवायच्या बेतात होतो. तेवढ्यात निर्मला सांदवाडीतून आली, ओसरीच्या पायऱ्या चढली आणि न पाहता हात पुढे केला; तो नेमका माझ्या खांद्यावर आला.

मी डोळे मिटून घेतले आणि तसाच उन्हात बसून राहिलो.