गणपतअण्णांची नाव

नावेला हात लावण्यापूर्वी गणपतअण्णा चपला काढून ठेवत. हलसूर तलावाच्या काठी त्यांची शिडाची छोटी नाव उंच लाकडी घोड्यांवर ठेवलेली असे. तिच्या पोटातून एक लोखंडी पातं खाली सुटे. पाणी उथळ लागलं की ते दोरानं वर ओढून घ्यायचं. पातं खाली नसलं तर वारा नावेला आडवंच ढकलत नेतो. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून अण्णांनी ती घेतली तेव्हा पातं खोबणीतच गंजून बसलं होतं.

अण्णा आणि मी एकाच कचेरीत नकाशे काढत असू. दर आइतवारी मी जयनगरहून सायकलवर तलावाकाठी पोचे. खोबणीतला गाळ खरवडायचा, गंज घासायचा, ग्रीस चोपडायचं. अण्णा पात्याला कान लावत. "अजून कुरकुरतंय रे. स्वल्प घासू या." मग आम्ही घासत राहू. पाण्यात ढग सरकत राहत, दुपार कधी उतरली ते कळत नसे.

त्यांच्या पत्नीचं, अक्कांचं, एकच मागणं होतं: तलावातल्या बेटावर एकदा न्या. चित्रान्नाचा डबा उघडत त्या मला विचारत, "काय हो, माझी ही सवत पाण्यात कधी उतरायची?"

अण्णा माझ्याकडे बघत. मी म्हणे, "कुरकुर आहे अजून, अक्का."

"सरी, बरं. कुरकुरू दे. मीही तेच करते घरी."

खरं तर दुसऱ्या उन्हाळ्यातच पातं अलगद सरकू लागलं होतं. पण नाव पाण्यात गेली की ती दोघं जाणार, मी काठावर राहणार. घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. आता पन्नाशीत हे लिहून टाकतो.

मग अक्कांच्या पायांतली ताकद गेली. हलत्या नावेत तोल सावरणं अशक्यच. एका सकाळी अण्णांनी त्यांना घोड्याच्या जटक्यातून आणलं. काठावरच्या नावेत आम्ही त्यांना उचलून बसवलं. अण्णांनी शीड चढवलं, दोर सोडला. पातं आवाज न करता खाली आलं आणि गवतावर तरंगत राहिलं. शिडात वारा भरला. अक्कांनी डोळे मिटून कड घट्ट धरली.

"हळू हो. पाणी उडतंय अंगावर."

मी अण्णांजवळ जाऊन पुटपुटलो, "हे केव्हाचं तयार होतं."

"ठाऊक आहे रे. मला पोहता येत नाही. ही पडली असती तर?"

"बेट आलं का?" अक्कांनी विचारलं.

अण्णांनी पातं सावकाश वर ओढलं. "आलं. उथळ लागलंय, सांभाळून."

आम्ही दोघांनी हातांवर धरून त्यांना बेटावर उतरवलं.