डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले होते

बायकोला मांजर सोसत नाही हे आम्हाला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं, कारण तोवर घरात मांजरच नव्हतं. आम्ही उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहायचो. मुलीनं जिन्याखालून एक पिल्लू उचलून आणलं. महिनाभरात बायकोचे डोळे सुजले, नाक वाहायला लागलं, छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टरांनी हातावर बारीक टोचून तपासलं आणि मांजराची ॲलर्जी म्हणून सांगितलं. पिल्लू मी बिडकीनच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे देऊन आलो. दहा वर्षांच्या पोरीनं माझ्याशी बोलणंच टाकलं. पाठ्यपुस्तक हवं असलं तरी आईमार्फत निरोप यायचा.

याच सुमारास कंपनीत कुणीतरी मोबाईलवर बिनकेसांचं मांजर दाखवलं. गुलाबी, सुरकुतलेलं, मोठ्या कानांचं. पुण्याचा एक जण ती विकायचा. मला वाटलं, सुटला प्रश्न.

असं वाटायला कारण होतं. आमचं घराणं मेंढरांचं, फुलंब्रीकडचं. कातरणीच्या दिवसांत वडील खोकून बेजार व्हायचे, दंडावर पुरळ उठायचं. मेंढरांची लोकर उतरली की आठ दिवसांत माणूस बरा. दोष केसांत असतो, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

बायको म्हणाली, “आधी डॉक्टरांना विचारा.”

मी एकटाच गेलो. डॉक्टर म्हणाले, “केसांचा दोष नसतो हो. त्रास देतं ते मांजराच्या लाळेत असतं, कातडीच्या तेलात असतं. केस नसले तरी ते आहेच. एखाद्याला कमी त्रास होतो, एखाद्याला तेवढाच. आणायचंच असेल तर आधी दोन-चारदा त्यांना त्या मांजराजवळ बसवून बघा. पण त्यांना दम लागतोय. माझं ऐकाल तर नकोच.”

जिना उतरताना मी मनात म्हणालो, यांनी कधी मेंढरू कातरलंय का?

घरी बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, “काय म्हणाले?”

“चालेल म्हणाले.”

मांजर आलं. मुलगी त्याच दिवशी माझ्या गळ्यात पडली. त्या आनंदात मी बायकोकडे नीट पाहिलंच नाही, असं म्हणणं सोपं आहे. खरं तर मी पाहत होतो. तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती.

गावाहून आई आली. मांजर बघून म्हणाली, “ह्ये काय रं? कातरलेलं कोकरू आणलं व्हय?” आम्ही सगळे हसलो. दोन दिवसांनी सुनेचा दम ऐकून तिनं मला बाजूला घेतलं. मी तिला वडिलांच्या खोकल्याचा दाखला दिला.

“येडा का खुळा तू? लोकर उतरली म्हणून नाय, गाठोडी घरातून गेली म्हणून त्यो बरा व्हायचा. अन् कातरायच्या आधी मेंढरं नदीत धुवायचो, ते इसरला? ज्या साली नदी आटायची त्या साली कोरडीच कातरायचो. तवा तुझा बाप लई आडवा पडायचा.”

 तेव्हाही बायकोला खरं सांगता आलं असतं.

ते वर्ष कोरडंच होतं. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, नव्या इमारती उठत होत्या आणि नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. या मांजराच्या अंगाला तेल सुटतं, म्हणून दर आठवड्याला अंघोळ घालायची, असं विकणाऱ्यानं बजावलेलं. मी पाळीवर, मुलगी शाळेत. अर्ध्या बादलीत ते काम बायकोच करायची. तिच्या मनगटावर चट्टे उठले. ती म्हणाली, “डॉक्टर चालेल म्हणालेत ना, मग हे साबणाचं असेल.”

एका दुपारी मुलगी शाळेतून आली तेव्हा तिची आई न्हाणीत भिंतीला टेकून बसलेली. तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तेच डॉक्टर तिच्याजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून तिला विचारलं, “घरात मांजर आहे? यांना तर मी नको म्हणून सांगितलं होतं.”

बायकोनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“यांनी सांगितलं होतं मला. मीच ऐकलं नाही. पोरीची हौस होती.”

पोरगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं ते ऐकलं. मी एक शब्द बोललो नाही.

मांजर दुसऱ्या दिवशी परत गेलं. मुलीनं स्वतः त्याची पेटी भरली. त्यानंतर तिनं काही मागितलंच नाही. सायकल नाही, सहल नाही. नातेवाईक म्हणायचे, किती शहाणी पोर. ते कौतुक मी घेत राहिलो. बायकोचा दम्याचा पंप कायमचा झाला.

गेल्या महिन्यात मुलीला पुण्यात नोकरी लागली. ती नको म्हणाली. का, म्हणून विचारलं तर भांडी लावता लावता म्हणाली, “मम्मीचा दम माझ्यामुळं आहे. मी कशी जाऊ?”

बायको चटकन म्हणाली, “असं बोलू नाही गं.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “राहू द्या हो, जुनं झालं.”

तरी मी सांगितलं. डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं, आणि माझं खोटं.

मुलीनं आईला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“दवाखान्यातच कळलं.”

“आणि तुम्ही मला इतकी वर्षं...” माझ्याकडे बघून ती एवढंच बोलली. हातातलं ताट तिनं तसंच ओट्यावर ठेवलं.

ती पुण्याला गेली. बसस्टँडवर मी पिशवी चढवायला गेलो, ती तिनं माझ्या हातातून घेतली. खिडकीतून म्हणाली, “पंप सकाळ-संध्याकाळ तुम्ही द्यायचा, पप्पा. नंतर चूळ भरायला लावायची. एखाद्या दिवशी विसरलात, तर विसरलो म्हणून मला फोन करायचा.”

“व्हय,” म्हणालो.