बेटवाल्या बाईंचा दोदोल

बेटवाल्या बाईंचा उजवा हात डाव्यापेक्षा जाड होता, आणि हे त्या स्वतःच दाखवायच्या. दोन्ही हात पुढे धरून मला म्हणायच्या, "बघा अण्णा, हा दोदोलाचा हात आणि हा बिनकामाचा."

दोदोल म्हणजे त्यांच्या बेटावरची नाताळातली मिठाई. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ तांब्याच्या पातेल्यात एकत्र करायचं आणि तीन-चार तास घोटायचं. थंड झालं की काळ्याशार, लवलवणाऱ्या वड्या पडतात. गोव्यात मांडवी नदीच्या मधे त्यांचं बेट. नवरा रेल्वेत होता म्हणून नाशिकरोडला आल्या. तो गेला, तरी त्या आमच्या शेजारच्या खोलीतच राहिल्या.

प्रत्येक गोष्टीत त्यांचं बेट यायचं. "आमच्या बेटावर पाणी असं जात नाय. आमच्या बेटावर मासा असा वास मारत नाय." एकदा मी म्हटलं, "मग इकडं कशाला पोहत आलात?" म्हणाल्या, "पोहत नाय, फेरीबोटीनं. तुम्हाला तर गोदावरीत पण कोणीतरी धरायला लागतं." हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला.

दोदोल घोटायला बसल्या की त्यांचा हात थांबत नसे. दारात गॅसवाला येऊ दे नाहीतर पाद्री येऊ दे, "दार उघडं आहे, आत या," असं बसल्या जागेवरून ओरडायच्या. हात भरून आला की घोटायचा सराटा डाव्या हातात घ्यायच्या, पण मधे खंड नाही. कोणी म्हटलं, द्या मी हलवतो, तर म्हणायच्या, "हलवाल, पण थांबाल. थांबला तो फसला." मग संध्याकाळी चाळीतल्या सतरा घरांत ताटली जायची. वीस वर्षांत एक नाताळ चुकला नव्हता.

त्या वर्षी नाताळ आठ दिवसांवर आला आणि बाई नळावर घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. वसईला राहणारा त्यांचा मुलगा म्हणाला, आता एकटं राहायचं नाही, नाताळ झाला की कायमचं तिकडं. बाई आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "जाते ते बरं. पण रिकाम्या ताटल्यांनी जाते, हे वाईट."

मी म्हटलं, "मी करतो."

त्या हसल्या. आमची ही पण हसली. मी चौथी शिकलेला माणूस, रोज गाडीनं जाऊन लासलगावच्या बाजारात तीस वर्षं कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या. मला कोणी हसलं की मी ते काम करतोच. "गोणी उचलणाऱ्याला सराटा जड व्हतो काय?" मी म्हटलं. बाईंनी सगळी कृती तोंडी सांगितली. बेटावरून आलेल्या गुळाच्या दोन ढेपा होत्या, त्यातली एक दिली.

नाताळाच्या तीन दिवस आधी रात्री मी घरात दार लावून घोटायला बसलो. दोन तासांनी कडेला तेल चकाकलं. बाईंनी हीच खूण सांगितली होती. मी पातेलं उतरवलं, ताटात थापलं आणि मिशीवरून हात फिरवून झोपलो.

सकाळी बाई आल्या. सुरी घातली तर वडी वाकून परत ताटात बसली. त्यांनी बोटावर घेऊन चाखलं. "शिरा झालाय. शिरा म्हणून चांगला आहे."

मला लय लागलं ते.

"तूप घातलं?" त्यांनी विचारलं.

"चार चमचे. तुपाबिगर गोड व्हतं का कधी?"

"सायबा! अण्णा, नारळ आपलं तेल सोडतो तेव्हा दोदोल होतो. तुम्ही वरून तूप ओतलं. मग कडेला चकाकलं ते कोणाचं?"

ते माझंच तूप होतं. 

आता एकच ढेप उरली होती. नाताळ परवावर. ही फसली तर बाई रिकाम्या ताटल्यांनी जाणार, आणि त्याला कारण मी. बाई म्हणाल्या, "या खेपेला मी समोर बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला बसलो. समोर खुर्चीत बाई, गळ्यात हात अडकवलेला. मागे आमची ही, तुपाचा डबा घेऊन. "अहो, एक चमचा तरी. बुडाला लागेल."

"वहिनी, डबा आत," बाई म्हणाल्या.

दीड तासात पीठ घट्ट झालं. दोन तासांनी सराटा ओढायला गोणीएवढा जोर लागायला लागला. मी हात बदलला, पण थांबलो नाही. फोन वाजला, वाजू दिला. तीन तास झाले तरी कडा कोरडीच. खांदा पेटला होता. हिनं नुसता हात पुढं केला, मी मान हलवली. मनात म्हटलं, बस झालं, ह्या नारळात तेल नाहीच.

बाईंना ते तोंडावर दिसलं असणार. "थांबू नका," एवढंच म्हणाल्या.

आणि मग कडेला केसाएवढी रेघ चमकली. पुढच्या फेऱ्याला ती बोटाएवढी झाली. सगळा गोळा पातेलं सोडून सराट्याबरोबर फिरायला लागला आणि तेल खाली साचलं. बाईंनी वाकून बघितलं, डाव्या हातात फडकं घेऊन पातेलं जरा कलतं केलं.

"आता थांबा," त्या म्हणाल्या.

वीस वर्षांत त्या हे कोणाला म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

नाताळाच्या संध्याकाळी परात मी धरली आणि बाई पुढे. सतराही दारांत त्यांनी एकच सांगितलं, "अण्णांनी केलाय. तूप नाय." एका घरात म्हणाले, मागच्या वर्षीपेक्षा मऊ आहे. बाईंना ते आवडलं नाही, मला आवडलं.

जाताना तांब्याचं पातेलं टेम्पोत चढवायला मी उचललं, तर म्हणाल्या, "ते कुठं नेता? ते तुमच्या घरात ठेवा."

आता पाच नाताळ झाले. बाई नातेवाइकाबरोबर गूळ धाडतात, मी घोटतो. सतरा घरं आणि वसईला एक डबा. दारात कोणीही येऊ दे, मी बसल्या जागेवरून ओरडतो. यंदा डबा पोचला तसा फोन आला.

"अण्णा, तेल सोडलं होतं?"

"वाटीभर."

"कोणाचं?"

"नारळाचंच, बाई."

तिकडून त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या, की आमच्या हिला ओट्यावर ऐकू गेलं.