बंद पडेपर्यंत

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे 'भिंगरी' म्हणत, कारण तो कुठे म्हणून बूड टेकत नसे. झाकण उघडायचं, रॅमची पट्टी खोडरबरानं घासायची, मशीन सुरू झालं की हा पसार! बॅग तर खांद्यावरून उतरायचीच नाही.

ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या हिशेबनीस बाईंचा कॉम्प्युटर मात्र याची पाठ वळली की बंद पडायचा. शेवटी बाई भडकल्या. "तुमच्यासमोर शहाण्यासारखा वागतो मेला! आज तो बंद पडेपर्यंत इथून हलायचं नाही."

तो बसला. नखं खाल्ली, पाय हलवले, सारखं घड्याळ पाहिलं. मशीन तापलं तसा आतला छोटा पंखा अडखळू लागला, मग थांबलाच. लगेच स्क्रीन काळी. इथे घोडं पेंड खात होतं तर! गार असताना पंखा फिरायचा, आणि तेवढंच पाहून हा पळायचा.

नवा पंखा बसवून तो निघाला. वाटेत आईचं घर होतं. तिथेही तो रोज दारातूनच चौकशी करून सटकायचा. "तू गेलास की कण्हते रे ती," असं शेजारच्या काकू सांगायच्या. काकू उगाच वाढवून सांगतात, असं त्याला वाटायचं.

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? जा तू, कामं असतील."

त्यानं बॅग उतरवली आणि बसला. आई हसून बोलत राहिली. बऱ्याच वेळानं, बोलता बोलता ती अडखळली आणि तिचा हात छातीवर गेला.